मोती चिकटवू नका, गाठवा

संपादक महोदय,

ट्यूडरकालीन इंग्लंडच्या राण्यांचे शिरोभूषण नाटकासाठी घरी कसे करावे, हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. टोपीचा आराखडा आणि मागचा काळा पडदा छानच समजावला आहे. पण कपाळावरच्या रत्नपट्टीची बोळवण ‘बाजारातली मोत्यांची लेस गमने चिकटवा’ एवढ्यावर केली, हे मनाला लागले. मी पटवेकरांच्या घरातली. मोती गाठवण्यात हयात गेली, म्हणून लिहिते.

ही पट्टी, म्हणजे बिलिमेंट, हा सोनाराने घडवलेला स्वतंत्र दागिना. आठव्या हेन्रीच्या राण्यांच्या जवाहिराच्या याद्यांत तिची वेगळी नोंद असे, वरची आणि खालची अशी. एका टोपीवरून उसवून ती दुसरीवर लावता येई. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत राजकन्या मेरीचे १५४४ सालचे चित्र आहे, त्यात या पट्ट्या दिसतात. आणि चित्रकार होल्बाइनने १५३६-३७च्या सुमारास रंगवलेले, व्हिएन्नात असलेले हेन्रीची राणी जेन सेमूर हिचे चित्र तर मोठे करून बघाच. टोपीच्या उतरत्या कडेने मोत्यांचा पुंजका, मग कोंदणातला खडा, पुन्हा पुंजका. गळ्याच्या चौकोनी काठालाही तसेच मोती आणि खडे. टोपी आणि पोशाख एका जोडाचे दिसतात ते यामुळे.

नाटकासाठी सोने नको, पण बांधणी तीच ठेवावी. दोन समांतर छिद्रांची पितळी कोंदणे घ्यावीत. मेण लावलेले दोन दोरे त्यांतून ओवावेत, मधे मोत्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीनंतर गाठ. गाठ मोत्याला अगदी भिडली पाहिजे, नाहीतर सर लोंबतो. अशी पट्टी फ्रेंच हूडच्या, म्हणजे त्या काळच्या गोल कडेच्या टोपीच्या, गोलाईवर आपोआप वळते. चिकटवलेली लेस तिथेच फुगून उचलली जाते. मग बारीक टाक्यांनी, फक्त कोंदणांपाशी, टाचून टाकावी. प्रयोग संपला की टाके उसवा, पट्टी डबीत ठेवा. गमाचा डाग मखमलीवरून जात नाही.

हौशी मंडळींच्या हातून चांगले काम व्हावे, एवढीच तळमळ आहे. पुढच्या अंकात पट्टीची ही कृती टोपीच्या आराखड्यासोबत छापावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे