उजळणीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला छापा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर आल्या की आपल्या विद्यार्थी पुरवणीत शेवटच्या तीस दिवसांचं नियोजन छापून येतं. कोणत्या दिवशी कोणता विषय, किती तास वाचन, किती तास उजळणी, सगळं आखून दिलेलं असतं. ते तयार करणाऱ्यांची कळकळ त्यात दिसते. मुलं ते पान कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवतात, पालक रोज त्यावर खुणा करतात. मी गेली सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते, म्हणून स्पष्ट लिहिते: हे पान चुकीच्या महिन्यात येतं. उजळणी ही परीक्षेआधी करायची गोष्ट आहे, हा समज त्याने आणखी पक्का होतो, आणि याच समजापायी वर्षभर शिकलेलं बरंचसं वाया जातं.

उजळणी सुरू व्हायला हवी ती धडा शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी. मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्या-दहा दिवसांनी, मग महिन्याने, मग त्याहूनही उशिरा. दर वेळी मधलं अंतर वाढत जातं आणि लागणारा वेळ कमी होत जातो. या पद्धतीला ‘स्पेस्ड रिपिटिशन’ म्हणतात. मी वर्गात ‘अंतर ठेवून उजळणी’ एवढंच म्हणते.

पुस्तकात वाचण्याआधी हे मला वर्गात कळलं, आणि मनाला फार लागलं. रक्ताभिसरणाचा धडा संपवून मी घटक चाचणी घेतली होती. वर्गाला छान गुण पडले, मीही खूश होते. दोन-अडीच महिन्यांनी कपाट आवरताना त्याच प्रश्नपत्रिकेच्या उरलेल्या झेरॉक्स प्रती हाताला लागल्या. कुणाला काही न सांगता मी त्या त्याच मुलांना वाटल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला आधी पैकीच्या पैकी गुण होते. ती हृदयाच्या आकृतीकडे बघत बसली. कप्प्यांची नावं लिहिली, खोडली, डाव्याची उजवीकडे करून पुन्हा लिहिली. फुप्फुस धमनीच्या बाणापुढची जागा तिने कोरीच सोडली. पेपर देताना म्हणाली, “बाई, मला हे येत होतं.” खरंच येत होतं तिला. चाचणीनंतर ते तिला कुणी पुन्हा विचारलंच नव्हतं. मी गुण भरले होते आणि पुढच्या धड्याला लागले होते. तिच्या बुद्धीत काहीच कमी नव्हतं, माझं वेळापत्रक चुकलं होतं.

विस्मरणाचा हा उतार फार पूर्वी मोजला गेला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्रयोगाला बसलेला माणूस एकच, तो स्वतः. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. त्यांच्या याद्या न अडखळता म्हणता येईपर्यंत पाठ केल्या आणि काही वेळ जाऊ दिल्यावर तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, ते मोजलं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे सगळ्यात मोठी घसरण पहिल्याच दिवसात होते, पुढचा अख्खा महिना जे जातं ते हळूहळू. ज्याला अर्थ आहे असा मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण सुरुवातीचा तीव्र उतार त्यालाही असतोच. पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, असं मी मुलांना सांगते ते यासाठी.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे, आणि आपल्या तीस दिवसांच्या नियोजनाशी तिचा थेट संबंध आहे. बारा अक्षरसमूहांची यादी आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जेवढा फायदा झाला, तेवढाच आधीच्या तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्याने झाला. जवळजवळ निम्म्या मेहनतीत तेवढंच पदरात पडलं.

लांबच्या पल्ल्याचाही पुरावा आहे. १९९३ साली बाह्रिक कुटुंबातल्या चौघांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिकणारे तेच होते. प्रत्येकाने परक्या भाषेतले ३०० शब्द घेतले. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८ तर काहींची ५६ दिवसांनी. मग पुढची पाच वर्षं कोणते शब्द टिकले हे तपासलं. ५६ दिवसांचं अंतर ठेवून केलेल्या १३ उजळण्यांनी १४ दिवसांच्या अंतराच्या २६ उजळण्यांइतकं काम केलं. अर्थात तेवढं अंतर सोसेल इतकं आधी पक्कं झालेलं असावं लागतं, म्हणून सुरुवात जवळच्या अंतराने करायची.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तिच्याकडे येते. मुलं उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं समजतात. रंगीत पेनाने रेघा मारलेलं पुस्तक उघडतात, डोळे फिरवतात, सगळं ओळखीचं वाटतं, आणि ‘झाला हा धडा’ म्हणून पान उलटतात. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रस्त्यात भेटलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तशातला प्रकार. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, नाव स्वतःच काढावं लागतं. तेव्हा सरावही नाव काढण्याचाच हवा.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दरवर्षी पालकसभेत सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आपल्या लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. २००९ मध्ये कॉर्नेल या संशोधकाने शब्दांच्या कार्डांवर प्रयोग केले. अंतर ठेवून केलेल्या अभ्यासाचा फायदा ९० टक्के जणांना झाला, पण पहिल्या सत्रानंतर भाग घेतलेल्यांपैकी ७२ टक्के जणांचं मत होतं की सलग केलेलाच जास्त उपयोगी पडला.

म्हणूनच ही पद्धत मुलांच्या गळी उतरवणं कठीण जातं. अंतर पडलं की थोडं विसरायला होतं, आठवताना डोक्याला ताण पडतो, चुका होतात, आणि मूल म्हणतं, “मला काहीच येत नाही.” पालकही घाबरतात. त्यांना मी सांगते, तो ताण पडतोय म्हणजेच काम चाललंय. विसरायच्या बेतात आलेली गोष्ट प्रयत्नाने ओढून काढली की ती आधीपेक्षा घट्ट बसते. कालच रात्री वाचलेलं आज सकाळी घडाघडा म्हणून दाखवण्यात हे घडत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. जर्मन भाषेत लिहिणारे सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात कार्डांच्या खोक्याची पद्धत लोकांपुढे मांडली. माझ्या वर्गात बुटांचं एक रिकामं खोकं आहे. त्यात पुठ्ठ्याचे पडदे घालून पाच कप्पे केले आहेत. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्यातलं का असेना. त्यामुळे जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येत राहतं. महिन्याभरात पहिला कप्पा पातळ आणि मागचे जाड झालेले मुलांना दिसतात. एरवी अभ्यास असा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांना त्याचं फार अप्रूप वाटतं.

हेच काम मोबाइल किंवा संगणकावरची अ‍ॅप करतात. पोलंडच्या पिओत्र वोझन्याक यांनी १९८७ साली ‘सुपरमेमो’ हा प्रोग्रॅम लिहिला, तो प्रत्येक कार्डाची पुढची तारीख हिशेबाने ठरवत असे. २००६ मध्ये आलेलं ‘अँकी’ आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी वापरतात. हजारो कार्डं सांभाळायची तर अ‍ॅपच बरं. शाळेतल्या मुलांना मात्र मी खोकंच सुचवते, कारण मोबाइल हातात आला की कार्डांपाशी मन ठरत नाही.

कार्ड कसं लिहायचं, यावर निम्मं यश आहे. ‘हृदयाची माहिती लिहा’ हे कार्ड कुचकामी. मूल त्यातलं अर्धं सांगतं आणि बरोबर आलं समजून पुढे ढकलतं. एका कार्डावर एकच गोष्ट हवी. ‘ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेणारी धमनी कोणती?’ मागे: ‘फुप्फुस धमनी’. लगेच दुसरं: ‘तिला धमनी का म्हणायचं?’ मागे: ‘ती हृदयापासून दूर रक्त नेते म्हणून’. ही दोन कार्डं मिळून जी समज देतात, ती अर्ध्या पानाचं टिपण देत नाही. कार्ड मुलाने स्वतःच्या हाताने लिहावं. आणि उत्तर मनातल्या मनात ‘येतंय येतंय’ म्हणून मागची बाजू बघायची नाही. आधी मोठ्याने म्हणायचं किंवा कागदावर लिहायचं, मगच कार्ड उलटायचं.

ही घोकंपट्टीच झाली, असा आक्षेप सहशिक्षकही घेतात. जे समजलेलं नाही त्याची कार्डं करून उपयोग नाही, हे मलाही मान्य आहे. आधी समजून घ्यायचं, मगच कार्ड करायचं. पण समजलेलंही उडून जातं. त्या मुलीला रक्ताभिसरण नीट समजलं होतं, मी स्वतः तिच्या तोंडून ऐकलं होतं. गणितं सोडवणं, निबंध लिहिणं ही कामं कार्डांनी होत नाहीत, त्यांना वेगळा सराव लागतो, पण तोही विभागून केलेलाच बरा. आणखी एक अडचण खरी आहे. उत्साहाच्या भरात मुलं एका दिवसात साठ-सत्तर कार्डं करतात, आठवड्याने उजळणीचा डोंगर उभा राहतो आणि खोकं कोपऱ्यात पडतं. दिवसाला पाच-सहा नवी कार्डं पुष्कळ झाली. चार दिवस खंड पडला तर नवी कार्डं थांबवायची आणि आधी जुनी उरकायची.

माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं आता जुन्याची असतात. कालचे दोन प्रश्न, मागच्या आठवड्याचा एक, दोन महिन्यांपूर्वीचा एक. गुण नाहीत, वहीत नोंद नाही. पुस्तकं बंद, सगळे लिहितात, मग उत्तर फळ्यावर. अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मलाही होती. तसं झालं नाही, कारण नवा धडा सुरू करताना मागचा पुन्हा शिकवावा लागत नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. नियोजनाचं पान शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात छापावं आणि त्यात नव्या धड्यांसोबत जुन्यांच्या उजळणीच्या तारखाही असाव्यात. दुसरी विनंती अशी, की विद्यार्थी पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी. मागच्या अंकातल्या लेखांवर दोन प्रश्न, महिन्याभरापूर्वीच्या अंकावर दोन, तीन महिन्यांपूर्वीच्या अंकावर एक. उत्तरं त्याच पानावर उलटी छापू नयेत, मुलं पान फिरवून बघतात. ती पुढच्या आठवड्याच्या अंकात द्यावीत. गेल्या तीन महिन्यांतल्या आपल्या विज्ञानाच्या लेखांवर मी असे चाळीस प्रश्न काढले आहेत. ते या पत्रासोबत जोडले आहेत, हवे तसे वापरावेत.

कळावे,
आपली एक वाचक
(विज्ञान शिक्षिका)