कृषिमंत्र्यांना खुले पत्र : अंदाज ढीगभर, पण पेरायचं कधी?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन आणि तूर, एवढंच माझं पीक. मेअखेरीस रोहिण्या निघाल्या की आमच्या गावात माणसं आभाळापेक्षा मोबाइलकडे जास्त बघतात. त्याबद्दलच हे पत्र आहे.

आधी चांगलं सांगतो. आडतीत आज सोयाबीन काय भावानं गेलं, ते घरी कळतं. पूर्वी माल नेल्यावरच कळायचं. सातबारा मोबाइलवर निघतो. वीज पडण्याची सूचना 'दामिनी' ॲप देतं. आमच्या भागात दरवर्षी माणसं-जनावरं विजेनं जातात, त्यामुळे याचं मोल मोठं आहे. रुंद वरंबा-सरीची पेरणी आमच्याकडच्या पोरांनी व्हिडिओ बघूनच उचलली. पाऊस जादा झाला तर पाणी सरीतून निघून जातं आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, हे त्यांना कुणी घरी येऊन शिकवलेलं नव्हतं.

पण जून लागला की याच मोबाइलचं भय वाटतं. एका ग्रुपवर येतं, 'तीन दिवसांत धो-धो, पेरून घ्या.' दुसऱ्यावर, 'महिनाअखेरपर्यंत उघडीप.' तिसऱ्यावर कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ, खाली आजची तारीख. सांगणाऱ्याचा आवाज ठाम असतो. हवामान खातं मात्र 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता' म्हणतं. शास्त्र तसंच बोलणार, हे मला मान्य आहे. पण बियाण्याची बॅग घरात आणून ठेवलेला माणूस ठाम आवाजामागे जातो.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची चाल अडली. घाई करू नका, असं आपलं कृषी खातं सांगत होतं. तसा सांगावा खातं बहुतेक वर्षी देतं, पण ग्रुपवरच्या गलक्यात तो ऐकू येत नाही. माझ्या शेजाऱ्यानं मागे अशाच एका मेसेजच्या भरवशावर पेरलं. पुढं आठवडाभर थेंब नाही. काकरीत बोट घालून बी उकरलं, तर दाणा फुगलेला, बारीक कोंब निघालेला आणि तिथंच वाळलेला. दुबार पेरणीचं बियाणं त्यानं उधारीवर आणलं. मेसेज पाठवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

साहेब, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा खात्याचा सल्ला चांगला आहे. पण माझ्या मंडळात, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या महसुली गटात, किती मिलिमीटर झाला, हे मला कोण सांगणार? महसूल मंडळांत पर्जन्यमापक आहेत, रोजचे आकडे 'महारेन' संकेतस्थळावर चढतात. तक्त्यामागून तक्ते उघडत तिथवर जाणारा शेतकरी मी तरी गावात पाहिलेला नाही.

म्हणून मागणी एकच. १ जूनपासून पेरण्या उरकेपर्यंत रोज सकाळी प्रत्येक मंडळासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश काढा, आपल्या बोलीत. 'तुमच्या मंडळात आजवर इतका पाऊस झाला. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असा. अजून थांबा', किंवा 'आता पेरायला हरकत नाही.' शेवटी अधिकाऱ्याचं नाव. अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात तसं सांगा. शेतकरी समजून घेतो. पावसाशी त्याची पिढ्यान् पिढ्यांची ओळख आहे.

खासगी अंदाज सांगणाऱ्यांवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. त्यातले काही तळमळीनं सांगतात. सरकारचा आवाज त्यांच्याइतका सहज हाती यावा, एवढंच. आणखी एक. कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ साली बंद झाली. तिथली माणसं तालुक्यापुरता सल्ला काढायची. ती पुन्हा सुरू व्हावीत म्हणून दिल्लीत आपण जोर लावावा.

रोहिण्यांच्या आत उत्तर मिळालं तर याच हंगामात उपयोग होईल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक सोयाबीन उत्पादक