दिवाळीत मी एकटी येणार नाही

चंडीगड,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सीमेवरचं जरा निवळू दे, मग तुझ्या लग्नाचं बघू." मी गप्प बसले. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

८ मेच्या रात्री इथे अख्ख्या शहराचे दिवे घालवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगे वाजले. घरातच थांबा, गॅलरीत येऊ नका, असा निरोप आला. भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांकडे अणुबाँब, आणि मी मोबाइलवर इथून सीमा किती लांब ते मोजत बसले होते. तुम्हाला मात्र रोज "मजेत आहे" सांगत होते.

आणखी एक सांगितलं नव्हतं. इथे एक मुलगा आहे, दीड वर्षाची ओळख. एप्रिलमध्ये त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. १० मेला गोळीबार थांबला, पण माझ्या पोटातला गोळा काही गेला नाही. उद्याचा भरवसा नाही तर संसार कसला मांडायचा, असं म्हणून मी दोन महिने त्याला भेटले नाही. किती चुकले मी!

त्याची आजी फिरोजपूरकडच्या खेड्यात राहते, सीमेच्या अगदी जवळ. मे महिन्यात गावातल्या बायका-मुलांना ट्रॉलीत बसवून नातेवाइकांकडे पाठवलं. ही म्हशींपाशी राहिली. जुलैत ती आजारी पडली, तेव्हा न राहवून गेले. तिच्या दाराशी एक पत्र्याची पेटी आहे. त्यात जमिनीचे कागद, दोन जोड कपडे, बॅटरी. १९७१ पासून ती भरलेलीच असते. आणि त्याच अंगणात विटा रचलेल्या होत्या. नातवाच्या लग्नासाठी नवी खोली बांधायला काढली होती.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण टीव्ही बंद करून थोडं वाचलं. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा या दोन देशांचा १९८८ चा करार आहे. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला ते केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या वेळीही त्यात खंड पडला नाही. एवढ्यानेही मला झोप लागली.

बाबा, डिसेंबर १९७१ मध्ये तुम्ही आठ वर्षांचे होतात. दादरच्या घरी काचांना काळे कागद चिकटवलेले, आणि त्याच महिन्यात तुमच्या आत्याचं लग्न दिवसाउजेडी लावलं. हे तुम्हीच मला कितीदा सांगितलंय.

आम्ही दोघं वसुबारसेला पोचतो. तिकिटं काढली आहेत. त्याला भेटा, हवं ते विचारा, पण "निवळू दे" म्हणू नका.

आई, पोखरणचे स्फोट झाले ते ११ आणि १३ मे १९९८ ला, आणि २८ मेला पाकिस्तानने केले. तेव्हा मी तुझ्या पोटात सात महिन्यांची होते. त्या दिवसांत तुला काय वाटत होतं, ते मी कधी विचारलंच नाही. आल्यावर सांगशील?

तुमची,
मनू