'ब्रेक फेल' झालेली गाडी थंड झाली की पुरावाही जातो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाटातल्या अपघाताच्या बातमीत 'ब्रेक फेल झाल्याने' हे तीन शब्द आले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. गाडी सहा-आठ महिन्यांची, ताकदवान टर्बो इंजिनाची, सर्व्हिसिंग वेळेवर झालेली असेल तर वाचक बुचकळ्यात पडतो. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात. पेडल घट्ट लागते, ऑइलची पातळी बरोबर असते, अहवालात 'ब्रेक सुस्थितीत' असे येते आणि दोष चालकाच्या माथी जातो. पुष्कळदा तो चालकाचा असतोही. पण ब्रेकचा एक दोष, म्हणजे तापून ब्रेक ऑइलची वाफ होणे, असा आहे, की गाडी थंड झाली की तो आपोआप नाहीसा होतो. तो ओळखायचा कसा आणि त्याचा पुरावा कसा जपायचा, यासाठी हे पत्र.

चालक शुद्धीवर असेल तर त्याला पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा : पेडल कसे लागले? दगडासारखे कडक झाले, जमिनीपर्यंत खाली बसले, की पेडल ठीक होते पण गाडी थांबेना? या तीन उत्तरांमागची कारणे वेगळी आहेत आणि त्या क्षणी करायची कृतीही वेगळी आहे.

पेडल कडक झाले तर बूस्टरची, म्हणजे व्हॅक्यूमच्या (निर्वाताच्या) बळावर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत गेली असे समजावे. व्हॅक्यूमचा पाइप निसटणे, त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह खराब होणे किंवा इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप निकामी होणे ही त्याची कारणे. बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांना आणि सगळ्या डिझेल इंजिनांना पुरेसा व्हॅक्यूम स्वतःहून मिळत नाही, म्हणून पंप असतो. यात ब्रेक गेलेला नसतो, फक्त पायावरचा भार वाढलेला असतो. किती वाढतो हे आकड्यांत सांगतो. आर 13-एच या आंतरराष्ट्रीय नियमानुसार 100 च्या वेगाने जाणारी कार धडधाकट ब्रेकवर 70 मीटरच्या आत थांबली पाहिजे. यंत्रणेचा एक भाग निकामी झाला, तर तीच मर्यादा 168 मीटर आहे आणि पायाचा जोर 500 न्यूटन, म्हणजे साधारण 50 किलो, धरलेला आहे. नेहमीच्या थांबण्याला याच्या एका लहानशा अंशाएवढाच जोर लागतो. त्यामुळे सवयीचा पाय सवयीएवढाच दाबतो आणि माणूस 'ब्रेक लागतच नाहीत' म्हणतो. इथे पंपिंग करू नये. प्रत्येक दाबाबरोबर बूस्टरमधला उरलासुरला व्हॅक्यूम खर्च होतो, आणि तो दोन-तीन दाबांपुरताच असतो. दोन्ही पाय लावून एकदाच, पूर्ण ताकदीने दाबावे आणि धरून ठेवावे.

हल्लीच्या महागड्या गाड्यांत बूस्टर, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) आणि एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) मिळून एकच इलेक्ट्रॉनिक युनिट असते. ते बंद पडले की पायाचा जोर थेट ऑइलवर जातो आणि पेडल एकदम अनोळखी लागते. सप्टेंबर 2024 मध्ये बीएमडब्ल्यूने अशाच एका एकत्रित युनिटमुळे जगभरातील सुमारे 15 लाख गाड्यांचा प्रश्न जाहीर केला. त्याच वर्षी पोर्शेने टायकान या विजेवरच्या वेगवान गाडीच्या पुढच्या ब्रेक होजला (ऑइल नेणाऱ्या लवचीक नळीला) चीर जाऊ शकते म्हणून रिकॉल काढला, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तेव्हा नवी आणि महाग म्हणून ब्रेकची चिंता नाही, हा समज सोडलेला बरा.

पेडल खाली बसले, तर मात्र उलट करायचे : भराभर पंपिंग. इथे एक तर ऑइल गळाले आहे, किंवा लाइनमध्ये हवा आहे, किंवा ऑइल उकळून वाफ झाली आहे. पातळ पदार्थ दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा सगळा प्रवास ती वाफ दाबण्यात जातो आणि पॅडपर्यंत, म्हणजे चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत, जोर पोहोचत नाही. गाडीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात. बहुतेक कारमध्ये त्या तिरप्या असतात, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका लाइनवर. एका जागी गळती झाली तर निम्मा ब्रेक उरतो, पण वाफ मात्र सगळ्या तापलेल्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांत) एकदम होऊ शकते.

आता ही वाफ नव्या गाडीत कशी होते ते पाहू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण 500 मीटर खाली येते. हा सगळा उतार गिअर न बदलता निव्वळ ब्रेकवर काढला, तर 100 च्या वेगातून बारा-तेरा वेळा कचकन थांबण्याइतकी उष्णता चार डिस्कना पचवावी लागते, आणि मध्ये थंड व्हायला सवड नसते. वेगाचा हिशेब तर वर्गाने चालतो : 100 ऐवजी 140 वरून थांबायचे तर उष्णता जवळपास दुप्पट. ताकदवान गाडी प्रत्येक वळणानंतर पटकन 140 ला जाते आणि पुढच्या वळणाला तो सगळा वेग पॅडना गिळावा लागतो. कंपनीने डिस्क मोठ्या दिलेल्या असतात, तरी त्यांनाही मर्यादा आहे.

ब्रेक ऑइल हे नावच घात करते. ते तेल नसून ग्लायकोलचे द्रावण आहे आणि हवेतले पाणी ओढून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळते. त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर हाच किमान आकडा 155 होतो. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. एक वर्षाच्या गाडीत कारखान्यातल्या ऑइलचा उत्कलनबिंदू केवळ पाण्यामुळे इतका उतरणे सहसा घडत नाही. म्हणून अशा गाडीत मी आधी विचारेन की नंतर कोणी हात लावला का. कॅलिपरला लाल रंग देण्यासाठी ते खोलले का? बाहेरचे पॅड घातले का? रुंद चाके किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले का, ज्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होज टायरला घासतो? कमी पडले म्हणून शेल्फवरच्या महिनोन्‌महिने उघड्या डब्यातले डॉट 3 वर ओतले का? 'ऑइल' म्हणतात म्हणून कोणी इंजिन ऑइल ओतले असेल तर यंत्रणेतले रबरी सील फुगतात, आणि मग नुसते धुऊन चालत नाही, रबराचे सगळे भाग बदलावे लागतात.

कॅलिपर खोललेली गाडी असेल तर एक गोष्ट वाकून नक्की पाहावी. एअर काढायचे निपल (लाइनमधली हवा बाहेर सोडायची छोटी तोटी) कॅलिपरच्या वरच्या टोकाला असले पाहिजे. डावे-उजवे कॅलिपर चुकून अदलाबदल झाले तर ते नीट बसतात, बोल्टही लागतात, पण निपल खाली येते. हवा वर जाते आणि निपल खाली. मग तासभर एअर काढली तरी बुडबुडा आतच राहतो. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचे तांब्याचे दोन्ही वॉशर दर वेळी नवे घालावेत. जुना वॉशर एकदा चेपलेला असतो, तो थेंबथेंब गळतो. पूर्ण ऑइल बदलायला साधारण एक लिटर लागते, मोठ्या कॅलिपरच्या गाडीला दीड लिटर हाताशी ठेवावे. डबा सीलबंदच घ्यावा आणि उरलेले ऑइल फेकून द्यावे. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे तपासणी यंत्र) लावून आतले व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती निघत नाही.

तिसरा प्रकार, पेडल घट्ट आणि गाडी मात्र पुढे जातेच आहे. यात पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. करपल्याचा उग्र वास ही त्याची खूण. अगदी नव्या पॅडमध्ये हे लवकर होते, कारण त्यातले रेझिन पहिल्यांदाच तापत असते आणि वायू सोडते. पॅड नवे असताना 60 वरून 15 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावेत, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर मोकळे चालवावे, आणि पहिले 300 किलोमीटर तरी घाटातली शर्यत टाळावी. विजेच्या गाडीचे एक वेगळे आहे. डोंगरमाथ्यावर बॅटरी 100 टक्के भरून उतरायला लागलात तर मोटारीने वीज परत भरायला जागाच नसते. गाडीचा वेग कमी करणारी नेहमीची ओढ नाहीशी होते आणि सगळा भार अचानक पॅडवर येतो. महाबळेश्वरहून उतरायचे असेल तर 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे.

पायाखाली घरंगळलेली पाण्याची बाटली आणि दुहेरी मॅट ही कारणेही खरीच आहेत. ती आधी तपासावीत.

तिन्ही प्रकारांत इंजिन बंद करू नये, न्यूट्रल करू नये. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल मोडवर घेऊन एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेकचे बटण असेल तर ते ओढून धरून ठेवावे. बहुतेक गाड्यांत धरून ठेवल्यावर संगणक चारही चाके सांभाळून गाडी थांबवतो. तरीही आवरली नाही तर डोंगराच्या बाजूला घासावी, दरीच्या नाही. थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतू नये, तडा जातो. आणि हे विशेष ध्यानात ठेवावे : थांबल्यानंतर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरत राहते. त्यामुळे चांगले लागणारे पेडल दहा मिनिटांच्या चहानंतर खाली बसू शकते. निघण्याआधी ते दाबून पाहावे आणि मऊ लागले तर निघू नये.

गाडी पुरती थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल वर येते आणि तपासणीत काही सापडत नाही. म्हणूनच तपास करणाऱ्यांकडे आणि विमा सर्वेक्षकांकडे माझे मागणे आहे. ऑइलचा नमुना वरच्या टाकीतून नको. टाकीतले ऑइल ताजे ओतलेले असू शकते, आणि ऑइल यंत्रणेत इंजिन ऑइलसारखे फिरत नाही. चारही कॅलिपरच्या निपलमधून पहिले 20-30 मिलिलिटर वेगवेगळ्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटल्यांत घ्यावे, झाकण लगेच घट्ट लावावे आणि त्याचे पाणी व उत्कलनबिंदू मोजून घ्यावेत. काळपट ऑइल आणि बाहेर येणारे बुडबुडे यांची नोंद व्हावी. पॅड काढून पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो का, कडा पांढुरक्या पडल्या आहेत का, याचे फोटो घ्यावेत. बॅटरीची तार सोडण्याआधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड आणि त्या वेळचा वेग उतरवून घ्यावा. बूस्टरची चाचणी तर दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे; व्हॅक्यूम बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. मग इंजिन सुरू ठेवून अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. हळूहळू बसत गेले तर मास्टर सिलिंडरचे सील जाते आहे. ऑइल आतल्या आत सीलवरून मागे निसटते किंवा बूस्टरमध्ये गळते, त्यामुळे जमिनीवर थेंबही दिसत नाही.

मालकांसाठी एक हक्काची वाट आहे, ती फारशी वापरली जात नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. एकाच मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी सुरू होते. 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय आहे. सर्व्हिस सेंटरने 'दोष आढळला नाही' असे तोंडी सांगितले तर तेच जॉब कार्डवर लिहून, तारीख आणि किलोमीटरसह मागून घ्यावे. ते कागद तक्रारीला जोडता येतात. पेडल एकदाच खाली बसले आणि पुन्हा तसे झाले नाही, तरीही ही तक्रार नोंदवावी, आणि निपलमधला नमुना घेईपर्यंत सेंटरला टाकीत एक थेंबही ओतू देऊ नये.

आपला,
ऑटोमोबाईल विषयाचा एक निदेशक, पिंपरी