‘कोणावर अवलंबून राहू नये’ या तुझ्या वाक्याविषयी

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजीच्या देखभालीसाठी दिवसरात्र राहणारी बाई ठेवा, खर्च मी पाठवीन, असे तू लिहिले आहेस. आणि शेवटी, माणसाने शक्यतो कोणावर अवलंबून राहू नये, म्हणून मी आतापासूनच माझ्या म्हातारपणाची तरतूद करतो आहे, असेही जोडले आहेस. पैसे देण्याची तुझी तयारी मनापासूनची आहे हे मी ओळखतो आणि ते पैसे आम्ही घेणार आहोत. या शेवटच्या वाक्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. फोनवर असे बोलणे होत नाही, मधेच कोणीतरी येते आणि विषय राहून जातो.

तू तरतूद करतो आहेस हे शहाणपणाचेच आहे. पण चाळीस वर्षांनी तो पैसा नेमके काय करील, याचा विचार कर. पैसा कूस वळवून देत नाही, घास भरवत नाही. आज ज्यांचा जन्मही झालेला नाही अशा कोणाच्या तरी हातांनी ते काम करावे, एवढाच हक्क तो तुला मिळवून देईल, आणि तोही तेव्हा असे हात शिल्लक असतील तर. म्हणजे साठवणूक कितीही मोठी असली तरी अवलंबून राहणे टळत नाही, ते फक्त आपल्या ओळखीच्या माणसांकडून अनोळखी माणसांकडे सरकते. आपल्या गावात हे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्याच्या गोठ्यात एकच बैल उरला आहे तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून डवरणी उरकतो, आणि त्यात कोणी कोणाला दुबळा समजत नाही.

या विषयावर गेल्या चाळीसेक वर्षांत तत्त्वज्ञानात पुष्कळ लिहिले गेले आहे. निवृत्तीनंतर मी त्यातले जमेल तेवढे वाचले. माणसाची नैतिक समज कशी वाढत जाते याची लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जी पायरीवार मांडणी केली होती, तिचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर झालेला होता. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरोल गिलिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, पुष्कळ स्त्रिया हक्क आणि नियम यांच्यापेक्षा ‘यात कोणाला इजा होईल, कोणाची जबाबदारी माझ्यावर आहे’ या प्रश्नांपासून विचार सुरू करतात, आणि तो विचार खालच्या पायरीचा मुळीच नाही. पुढे ईव्हा किट्टे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी अधिक मूलभूत आक्षेप घेतला. समाज म्हणजे स्वतंत्र आणि समान माणसांनी आपसात केलेला करार, असे आपण धरून चालतो. पण तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि त्यांच्यामागे ज्यांचा सगळा दिवस जातो ती माणसे या करारात बसतच नाहीत. किट्टे यांची स्वतःची मुलगी गंभीर अपंगत्व घेऊन जन्मली आणि तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांची गरज राहिली, त्यामुळे हा विचार त्यांनी नुसता पुस्तकातून केलेला नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या विदर्भातच, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांग मुलांचे बाप झाले, त्यांना स्वतःचे नाव दिले. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बालगृह सोडावे लागते. ज्याला बोलता येत नाही, दिसत नाही किंवा ज्याची समज लहान मुलाइतकीच राहिली आहे, त्याने अठराव्या वाढदिवसानंतर जायचे कुठे, हा प्रश्न घेऊन ते कित्येक वर्षे सरकारदरबारी झगडत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कायद्याच्या मुळाशी तुझ्या पत्रातलीच समजूत आहे, की ठराविक वयानंतर माणसाला कोणाची गरज उरत नाही. मला ती समजूत खोटी वाटते आणि तिच्यापायी दुबळ्या माणसांची फार हेळसांड होते असेही वाटते.

आता आजीविषयी. तिची उजवी बाजू गेल्यापासून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होऊन जखम धरते. तिला ओढायचे नसते. खाली दुहेरी घडीची चादर घालून दोघांनी ती चादर उचलायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, टाच बाजेच्या दोरीवर टेकत नाही ना हे हात घालून पाहायचे. भरवताना पाठीशी तक्क्या लावून पूर्ण बसते करायचे, हनुवटी किंचित खाली, आणि एक घोट गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. हे सगळे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवले. त्यांनी न शिकवलेली एक गोष्ट आजीने शिकवली. चमचा माझ्या हातात असला की ती तोंड फिरवते. वरणभाताची वाटी तिच्या डाव्या हाताशी ठेवली की अर्धे लुगड्यावर सांडते, जेवणाला तासभर लागतो, पण ती पोटभर जेवते. पहिल्या प्रकारात काम लवकर आणि स्वच्छ होते. दुसऱ्या प्रकारात आजी जेवते.

जोन ट्रॉन्टो नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ बाईंनी काळजीचे टप्पे वेगळे करून दाखवले आहेत, त्याची मला येथे फार मदत झाली. आधी गरज लक्षात यावी लागते. मग कोणीतरी ती जबाबदारी आपली मानावी लागते. मग प्रत्यक्ष हाताने करावे लागते, आणि ते नीट येत असावे लागते. आणि शेवटी, ज्याचे केले त्याला ते कसे पोहोचले हे त्याच्याकडूनच पाहावे लागते. त्यांनी असेही नोंदवले आहे की जबाबदारी घेणे, म्हणजे व्यवस्था लावणे आणि पैसे देणे, हे सत्ता असलेल्यांकडे जाते, आणि हाताने करणे सत्ता नसलेल्यांच्या वाट्याला येते. तू दुसऱ्या टप्प्यावर उभा आहेस, बाळा. तो टप्पा खोटा नाही, पण चौथ्यावर काय चालले आहे हे तेथून दिसत नाही. सेवाग्रामला आपण परचुरे शास्त्रींची कुटी पाहिली होती, ते तुला आठवत असेल. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या त्या संस्कृत पंडिताला गांधीजींनी १९३९ मध्ये आश्रमात ठेवून घेतले. कोणा सेवकाला नेमून देणे त्यांना सहज शक्य होते. पण देशाचे एवढे व्याप अंगावर असताना ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत.

हाताने करायचे काम म्हणजे अडाणी काम, हा गैरसमज तर गडचिरोलीनेच मोडून काढला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांमध्ये तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये ते जगाने वाचले. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी देते, त्या पद्धतीचे मूळ तेथे आहे. असे असूनही सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे आणि तिला पगाराऐवजी मोबदला मिळतो, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे सकाळी जी बाई येते तिचेही ऐकून ठेव. तिचे दोन वर्षांचे पोर तिची सासू सांभाळते, म्हणून ती आजीला सांभाळू शकते. कापसाची वेचणी लागली की किलोच्या भावाने वावरात तिला आपल्यापेक्षा जास्त मजुरी पडते, आणि तरी माणुसकीपोटी आपल्याकडे यावे अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय होईल. तू पैसे पाठवशील त्यातून मी तिची मजुरी वेचणीच्या बरोबरीला आणणार आहे, आणि आठवड्यातला एक दिवस तिला भरपगारी सुटी देणार आहे. दिवसरात्र राहणारी बाई मात्र मी ठेवणार नाही, कारण मग तिच्या पोराची रात्र कोण पाहील?

या सगळ्या विचारावर काही स्त्रीवादी अभ्यासकांनीच आक्षेप घेतला आहे, की काळजीचे गोडवे गायले की बायकांच्या पायातली बेडी आणखी घट्ट होते. मला तो पूर्ण मान्य आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के निघाले. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाची २९९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषाची ९७. काळजी हे जर खरोखर थोर मूल्य असेल, तर ते पुरुषाच्या हातांनाही यायला हवे. सून म्हणून तुझ्या आईने आजीचे करावे हे गावाला इतके स्वाभाविक वाटते की तिला कोणी ‘दमलीस का’ असे विचारतही नाही. मी माझ्या आईचे करतो तर लोक ओट्यावर बसून माझे कौतुक करतात. ते कौतुक मला घ्यावेसे वाटत नाही.

म्हणून तुझ्याकडे पैशाखेरीज आणखी एक मागणी आहे. दिवाळीनंतर पंधरा दिवसांची रजा काढ. आईला तिच्या भावाकडे मोर्शीला जायचे आहे. ती स्वतःहून म्हणणार नाही, म्हणून मी लिहितो आहे. रात्रीची पाळी तू घे, दिवसाची मी घेतो. पहिले दोन दिवस आई थांबेल आणि चादर कशी धरायची, आजीला कशाने झोप लागते, ते तुला दाखवील. रजेची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मामांना तसा निरोप देता येईल आणि सकाळच्या बाईलाही तेव्हाच सुटी घेता येईल.

तुझे,
बाबा