शेवटचा आकडा

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं आणि घशातून शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

पोस्टात येण्याआधी मी एका खासगी कंपनीत होतो, तुम्हाला माहीत आहेच. तिथे 'कामात आनंद शोधा' म्हणून शिबिरं व्हायची. फुगे फुगवायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि सोमवारी टार्गेट वाढलेलं. माझ्या कामाने नेमकं कुणाचं काय भलं होतं, असं एकदा साहेबांना विचारलं. म्हणाले, "पगार वेळेवर होतोय ना?"

त्यामुळे सॉर्टिंगला आलो तो ठरवूनच, की टपाल खणात टाकायचं आणि ड्युटी संपली की घर गाठायचं.

मग ते आंतरदेशीय पत्र आलं. जुलैचा पाऊस, शाई ओघळलेली. गावाच्या नावातली नुसती 'वाडी' उरलेली, आणि कोकणात वाड्यांना काय तोटा! पिनच्या 41651 वरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा पट्टा कळत होता. शेवटचा आकडा म्हणजे निळा डाग. मी ते 'पत्ता अपुरा'च्या गठ्ठ्यावर टाकलं. तुम्ही उचललंत. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसलात, पत्र ट्यूबलाइटखाली तिरकं धरलंत. "शाई जाते रे, पेनाचा दाब राहतो." मग दोन पोस्टमास्तरांना फोन. ड्युटी संपून पाऊण तास झाला होता. आकडा सापडला, पण तुम्ही तो लिहिला नाहीत. पेन माझ्या हातात दिलंत.

"तू लिही. नीट लिही, पुढच्याला वाचायचंय."

नंतर चहा पिताना वेलणकरांचं सांगितलंत. श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, संस्कृतात कविता करणारे. एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ते नाना लिप्यांतले, त्यात पत्र हरवू नये म्हणून त्यांनी सहा आकडे बसवले; 15 ऑगस्ट 1972 पासून पिन कोड सुरू झाला. आणि मी सहाव्या आकड्यासाठी कंटाळा करत होतो!

त्या पाऊण तासाची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही. अशा बिननोंदीच्या पाऊण तासांवर या देशातली किती कामं उभी असतील, देव जाणे. साहेब लोकांना हे फुगे फुगवून कळायचं नाही.

"पोचलं असेल का हो?" मी आठवड्याने विचारलं होतं.

"परत आलं का? नाही ना? मग पोचलं."

हे पत्र पोस्टानेही पाठवतोय. तुमच्या गावाचा पिन शोधून घातलाय, शेवटचा आकडा दोनदा गिरवलाय.

तुमचा,
खणासमोरचा पोरगा