तपासणीच्या रांगेत नीट बोलणाऱ्यांचे आभार

विमानतळावर ट्रेपाशी उभ्या असणाऱ्या, नावं ठाऊक नसलेल्या सुरक्षा जवानांचे मनापासून आभार. नुसतं "साइड में!" असं खेकसलं की माणूस गांगरतो, खिशातली किल्ली खिशातच राहते, धातुशोधक चौकट वाजते आणि रांग तुंबते. तुम्ही आधीच सांगता, "काका, पट्टा, पाकीट, मोबाइल इथे, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये."

विशेष आभार कारण सांगणाऱ्यांचे. "पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते," एवढं कळलं की कुणी हुज्जत घालत नाही. परदेशी जाताना हातातल्या बॅगेतल्या द्रवपदार्थांचा 100 मिलीचा नियम बाटलीच्या मापाला लागतो. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी उरलेला शाम्पूही चालत नाही. हे न सांगता बाटली टोपलीत फेकली की भांडण ठरलेलंच.

पडद्याआड तपासणाऱ्या ताईंचेही आभार: "आता पाठीवर यंत्र फिरवते हं," असं आधी बोलून मगच हात पुढे करता. आणि गुडघ्यात धातूची वाटी असलेल्या आजींना पॅन्ट वर करायला न लावता, "ऑपरेशन झालंय का?" एवढंच हळू आवाजात विचारणाऱ्यांचे तर फारच.